टेस्टरचा कौल

जळीत वॉर्डात सगळे एका खाटेभोवती गोळा झाले होते. महाराजांनी वायरमनच्या गालाला टेस्टर टेकवला होता आणि त्यातला तांबडा दिवा लख्ख पेटला होता.

विजेच्या खांबावरच्या तारेने वायरमनचा उजवा हात आतपर्यंत भाजला होता. डॉक्टरबाईंनी पोटाची कातडी एका बाजूने पोटाला जोडलेलीच ठेवून त्या उघड्या जखमेवर शिवली होती. ती तिथे रुजेपर्यंत हात पोटालाच जखडलेला.

"पाहिलंत? वीज अंगातच आहे!" वायरमनच्या डोक्यावर आधीपासून ठेवलेला आशीर्वादाचा डावा हात तसाच ठेवून महाराज गरजले. "हात पोटाशी शिवून या बाईने ती आतड्यांत सोडलीय. तोडा टाके!"

वायरमनला भेटायला आलेले सोबतचे लाइनमन मागे सरले. देवावर शंका घेणारी ही माणसं टेस्टरवर कधी घेत नसत. त्याच्या कौलावरच तर ती तारेला हात लावत. त्यांची ही श्रद्धा महाराजांनी नेमकी हेरली होती.

महाराजांनी मंत्र पुटपुटत डावा हात उचलला. दिवा विझला.

"थोडी ओढून घेतली. याला माझ्याकडे आणा, उरलेली तिथे काढू."

वायरमनचा थोरला भाऊ सामान आवरू लागला. महाराजांना त्यानेच आणलं होतं.

"टाके तोडलेत तर कातडी काळी पडेल आणि हात कापावा लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"तुमची पुस्तकं राहू द्या, बाई. दिवा खोटं बोलतो का?" भाऊ म्हणाला.

"दिवा नाही, धरणारा बोलतो." त्यांनी टेस्टर हिसकावून स्वतःच्या गालाला टेकवला. पेटला. शेजारच्या लाइनमनच्या हाताला लावून त्याचं मनगट धरलं. पेटला. मनगट सोडताच विझला.

"अरेच्चा! म्हणजे मीही भारलेला?" तो ओरडला. कुणीतरी फिस्सकन हसलं.

बाईंनी टेस्टरचं टोपण फिरवलं. घड्याळाचे दोन सेल तळहातावर पडले.

"तुमच्या टेस्टरमध्ये असे सेल नसतात. यांचाच प्रवाह दोन अंगांतून फिरतो. आशीर्वादाचा हात उचलला, की वाट तुटते. हाच तो मंत्र. वीज अंगात साठत नाही. ती त्याच क्षणी निघून गेली, मागे भाजलेलं मांस ठेवून. ते सावरायला शस्त्रक्रिया लागते आणि धीर लागतो. डोळ्यांनी पाहिलंत, तरी ते कसं घडलं हे विचारा. एवढंच मागणं आहे."

महाराज केव्हाच दाराबाहेर गेले होते.

"दादा, मी इथेच राहतो," वायरमन म्हणाला. "टाके सुटतील तेव्हा येशील ना?"

भावाने पिशवी खाटेवर टाकली आणि मागे न पाहता महाराजांच्या पाठोपाठ निघून गेला.