गोड वासाची टाकी

लुसेना बंदराच्या धक्क्यावर खोबरेल वाहणाऱ्या जहाजाची टाकी रिकामी झाली होती, आता आत उतरून ती झाडून घ्यायची होती. तेल खवट होऊ नये म्हणून तिच्यात नायट्रोजन भरलेला असतो. तेवढा त्याचा गुण. अवगुण असा की त्याला ना रंग ना वास, आणि तो भरला की प्राणवायूला जागाच उरत नाही. पंख्यानं हवा खेळवायची, मीटरनं तपासायची, मगच उतरायचं, हा नियम जहाजावर सगळ्यांना तोंडपाठ होता. पाळायचा की नाही, हे मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

पंप सांभाळणारा सेल्मो मीटर आणायला निघाला तेव्हा पेर्टो टाकीच्या तोंडाशी वाकून वास घेत होता. दोघं एकाच गावचे. पेर्टो सेल्मोच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मबाप, म्हणून एकमेकांना ‘पारे’ म्हणायचे. पेर्टोचं घराणं खोबरं वाळवणारं. पोतं न उघडता आतला माल सडलाय का, हे तो नुसत्या नाकानं सांगायचा.

“घे वास, पारे. आमच्या नानायच्या खोबऱ्याच्या भट्टीपाशी येतो तसा गोड आहे. कुजकं काही नाही.”

“नाकाचं कौतुक नंतर. मी येईपर्यंत उतरू नकोस.”

“मीटर आणतोस की जत्रेची मिरवणूक? ये लवकर.”

सेल्मो परत आला तर पेर्टो टाकीच्या तळाशी आडवा, झाडू शेजारी. ओरडला नव्हता, खोकलाही नव्हता. नायट्रोजनमध्ये जीव घुसमटल्यासारखं वाटतच नाही, चार श्वासांत माणूस कोसळतो. मेला वायू सावधसुद्धा करत नाही. सेल्मोचा एक पाय शिडीवर गेला. पण वाचवायला उतरलेला दुसराही तिथंच पडतो, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं पाय मागे घेतला, घंटा वाजवली, पंखा सुरू केला आणि हवेची नळकांडी पाठीवर बांधलेली माणसं येईपर्यंत वरून हाका मारत राहिला. बाहेर काढलं तेव्हा पेर्टो संपला होता.

गावी पेर्टोची शवपेटी त्याच्या घरात ठेवली होती, अंगणात माणसं रिवाजाप्रमाणे पत्ते खेळत रात्र जागवत होती. सेल्मोला बघून पत्ते थांबले. पारे म्हणवतो आणि वर उभा राहून हाका मारतो, असं कुणीतरी त्याला ऐकू जाईल इतपतच हळू म्हणालं. पेर्टो नाकाच्या भरवशावर, नियम मोडून उतरला, हे आज सांगून टाकायचं ठरवूनच सेल्मो आला होता. न केलेल्या गुन्ह्यासाठी मान खाली घालून किती दिवस फिरायचं?

पेर्टोच्या आईला सगळं गाव नानाय म्हणे. ती पेटीपाशी बसली होती. खोबऱ्याच्या भट्टीच्या धुरानं तिची बोटं कायमची काळवंडलेली. तिनं सेल्मोच्या हातात कॉफी दिली.

“एकच सांग. वास घेतल्याशिवाय तो कुठं पाऊल टाकायचा नाही. मीच शिकवलं होतं, वास गोड असला की भ्यायचं नाही. घेतला होता का रे त्यानं वास?”

सेल्मोनं तिच्या काळ्या बोटांकडे पाहिलं. या म्हातारीला उद्यापासून पुन्हा त्याच वासात बसायचं होतं.

“नाही, नानाय. मीच घाई केली. मी म्हटलं, हवा तपासलीय, उतर.”

 नानायनं त्याच्या हातातला कप काढून घेतला.

“माझं पोर तुझ्यावर विसंबलं. पुन्हा या दारात येऊ नकोस.”

मयताच्या घरून पाहुण्याला सोडायला कुणी दारापर्यंत जात नाही. सेल्मो एकटाच उठला. अंगणातल्यांनी आतलं बोलणं ऐकलं होतं. आता कुणी हळू बोलत नव्हतं.