लाल वाइन गार करायची नाही

लाल वाइन गार करायचं नुसतं नाव काढलं, तरी आमचे बाबा असा चेहरा करतात की कुणी त्यांच्याच अंगावर बर्फ ओतलाय. "लाल वाइन कपाटातून थेट ग्लासात," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. आता हे ज्या थंड मुलखातून आलं, तिथल्या कपाटात उन्हाळ्यातही स्वेटर लागत असेल. आमच्या वाइनरीतल्या चाखायच्या खोलीत दुपारी पंखासुद्धा धापा टाकतो. पण सांगणार कोण? पालथ्या घड्यावर पाणी.

लाल असली तरी जरा गार करूनच द्या, हे सांगितलं ते वहिनीनं. लग्न होऊन आली तेव्हापासून टाक्यांचं काम तीच बघते. आमच्याकडच्या उन्हात द्राक्षं भराभर पिकतात, साखर चढते, आंबटपणा उतरतो आणि वाइन जड होते. म्हणून तिनं तीन जातींच्या द्राक्षांच्या तीन टाक्यांचा मेळ घातला. रंगाला शिराझ, फळाच्या चवीला ग्रेनाश आणि आंबट ठसक्याला टेकडीवरच्या जुन्या वेलींची करिन्यान. रोजच्या जेवणासोबत परवडेल अशी, तरी पाहुण्यांपुढे मान खाली घालायला न लावणारी. बाबांना एकाच द्राक्षाची महागडी वाइन तेवढी खरी वाटते. त्यांनी वहिनीच्या वाइनला एका शब्दात निकालात काढलं: "भेसळ."

वहिनी भांडली नाही, याचीच मला भीती वाटली. डोंगरापलीकडच्या वाइनरीनं तिला कामाला बोलावलं होतं. "आज खरेदीवाल्या बाई माझ्या वाइनला नाही म्हणाल्या, तर मी तिकडे हो कळवणार," तिनं मला सकाळीच सांगितलं. दादा मूग गिळून बसला होता. त्याला बायकोही हवी होती आणि बापही. मला वहिनी हवी होती. या घरात माझ्या विनोदांना हसणारी ती एकटीच.

खरेदीवाल्या बाई बऱ्याच हॉटेलांसाठी माल घेतात. त्या आल्या नेमक्या भर दुपारी. बाबांनी स्वतः ग्लास भरला, कपाटातून थेट. बाईंनी घोट घेतला आणि भुवई उचलली.

"घशाला चटका बसतो हो. नुसती दारूच पुढे येतेय."

वहिनी खिडकीबाहेर बघत राहिली. मी दादाला कोपरानं ढोसलं. "अरे, बाईंना टाक्या दाखव ना!"

ते दोघं तिकडे वळले आणि मी दुसरी बाटली घेऊन मागच्या मोरीत पळाले. बर्फाच्या बादलीत कोपरापर्यंत हात घालून बसले होते, तेवढ्यात दारात बाबा.

"काय चाललंय?"

"बाटली धुतेय."

"बर्फानं?"

ते बादलीकडे बघून आल्या पावली निघून गेले. आता माझी काही खैर नव्हती.

बाई परत आल्यावर मी बाटली पुसली आणि ग्लास भरला. त्यांनी घोट घेतला, थांबल्या, पुन्हा घेतला. मग ग्लास खाली ठेवायचं विसरून किंमत विचारू लागल्या.

"एवढीच? मग ही मी प्रत्येक टेबलावर ठेवेन. पण काका, मघाची अशी नव्हती. ती वेगळी होती का?"

सगळे बाबांकडे बघायला लागले. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी ते सुटले असते.

"वाइन तीच," बाबा म्हणाले. "मघाची मी माझ्या हट्टानं दिली, कोमट. ही सूनबाईच्या पद्धतीची. किती गार करायची ते तिलाच विचारा. मला त्यातलं कळत नाही."

बाई मागणी नोंदवून गेल्या. बाबा खुर्चीत टेकले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "सूनबाई, त्या डोंगरापलीकडच्यांना नाही म्हणून कळव."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं! मला वाटलं, आता वहिनी विरघळणार. कसली विरघळते!

"कळवते," ती म्हणाली. "पण या वाइनच्या लेबलवर माझी सही राहील."

आमच्या प्रत्येक लेबलवर बाबांची सही असते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाबांनी टेबलावरची बाटली उचलली आणि लेबल चष्म्याजवळ धरलं.

"माझी जरा लहान करायला सांग छापखान्यात," ते म्हणाले. "तुझी नीट बसायला हवी."