घारोबांचा तारा

"मला शिकवतोय!" घारोबांनी मोबाइल टेबलावर आपटलाच असता, पण तो बायकोचा होता. "तेवीस वर्षं बघतोय मी तो तारा. आणि हा म्हणतो, दुर्बिणीचा आरसा पुसून बघा!"

बायको पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "मग पुसा की."

"परवाच पुसलाय."

"मग तसं कळवा त्यांना. माझ्या मोबाइलवर कशाला राग?"

घारोबा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते छापखान्यात शाई मिसळायचे. गिऱ्हाइकाने आणलेल्या कापडाच्या तुकड्यावरून किंवा औषधाच्या खोक्यावरून हुबेहूब तोच रंग तयार करायचा, हे त्यांचं काम. दोन निळ्यांमधला केसाएवढा फरक त्यांना दारातूनच कळायचा, म्हणून कामगारांनी त्यांना 'घार' म्हणायला सुरुवात केली. पुढे केस पिकले आणि घारीचे घारोबा झाले.

घरामागे जेमतेम दहा पावलांचं अंगण होतं. तिथे पाण्याची टाकी, कपड्यांची दोरी आणि कोपऱ्यात सिमेंटचा एक बुटका खांब. त्या खांबावर दुर्बीण. आभाळ मोकळं असलं की जेवण आटोपून आठ वाजता घारोबा तिथे जायचे. आधी दोरीवरचे कपडे काढायचे, मग तारा बघायचा. तारा तसा दिसायला काहीच नाही. नुसत्या डोळ्यांना तर दिसतही नाही. पण त्याची खोड अशी की तो मनाला येईल तसा कधी उजळतो, कधी मंदावतो. शेजारच्या स्थिर तेजाच्या ताऱ्यांशी त्याची तुलना करायची आणि एक आकडा लिहायचा. तारा जितका मंद, तितका आकडा मोठा. असे बारा जण बारा गावांतून तो तारा बघायचे आणि आपापले आकडे एका निवृत्त हेडमास्तरांकडे पाठवायचे. घारोबांनी हेडमास्तरांना कधी पाहिलेलं नव्हतं. आकडा लिहून झाला की मग हौसेची छायाचित्रं. जुना कॅमेरा दुर्बिणीला जोडून कधी चंद्र, कधी एखादा तारकापुंज टिपायचा. चंद्राचं एक छायाचित्र बायकोने फ्रिजवर चिकटवलं होतं. पण आकड्याच्या कामात कॅमेऱ्याची लुडबूड घारोबांना खपत नसे. आकडा डोळ्याचा.

आणि आता हेडमास्तरांनी लिहिलं होतं की गेले चार महिने तुमचा तारा बाकी अकरा जणांच्या ताऱ्यापेक्षा मंद आहे. त्या अकरा जणांचे आकडे आपसांत जुळतात. तुमचा तेवढा जुळत नाही. कृपया आरसा तपासावा.

ते घारोबांच्या जिव्हारी लागलं.

"छायाचित्रच काढतो," ते म्हणाले. "पुरावाच पाठवतो त्याला. अकराच्या अकरा चुकलेत म्हणावं."

त्या संध्याकाळी त्यांनी आधी डोळ्याने तारा पाहिला. खालच्या बाजूच्या पिवळसर ताऱ्याहून तो तांबूस तारा स्पष्ट मंद दिसत होता. तसा आकडा लिहिला. मग कॅमेरा लावला, दहा छायाचित्रं काढली आणि घरात येऊन लॅपटॉप उघडला. एकेक छायाचित्र ते पुन्हा पुन्हा मोठं करून बघू लागले.

बायको मागून डोकावली. "यातला तुमचा कुठला?"

त्यांनी बोट ठेवलं.

"आणि कशाशी ताडून बघायचा?"

त्यांनी खालचा तारा दाखवला.

"अहो, पण तुमचाच ठिपका मोठा नि उजळ दिसतोय की."

"कॅमेऱ्याचं काही खरं नसतं," घारोबा म्हणाले. पण त्यांचा आवाज उतरला होता.

बायको तीस वर्षं एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत होती, सूक्ष्मदर्शकाखाली रक्तातल्या पेशी मोजायची. कुठली गोष्ट कधी बोलायची नाही, हे तिला त्या नोकरीने शिकवलं होतं. तिने आकड्यांची वही उचलली, एक चौकटींचं कोरं पान उघडलं, मधोमध पेनाने ठिपका काढला आणि वही त्यांच्यासमोर धरली.

"डावा डोळा झाका. ठिपक्याकडे बघा. रेघा सरळ आहेत?"

"म्हणजे काय? आहेतच." घारोबा थांबले. "मधे जरा पोक आलंय. कागद ओला झाला होता का?"

"नाही," बायको म्हणाली. तिने वही हळूच मिटली. "उद्या रजा टाका."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्याचं चित्र दाखवून समजावलं. उजव्या डोळ्याच्या पडद्याचा नेमका मधला भाग बिघडला होता. डाव्यातही सुरुवात झाली होती. अशा डोळ्याला तांबडं आधी फिकं दिसायला लागतं. इंजेक्शनं देऊन ते थोपवून धरता येईल, पण गेलेलं परत येईलच असं नाही.

"किती दिवस झाले असतील याला?" घारोबांनी विचारलं.

"नक्की सांगता येत नाही. पेशंटच्या लक्षात येत नाही बऱ्याचदा."

घारोबांना मात्र सांगता येत होतं. घरी येऊन त्यांनी बायकोला शेजारी बसवलं, वहीतले आकडे तिला मोठ्याने वाचायला लावले आणि हेडमास्तरांनी पाठवलेल्या इतरांच्या आकड्यांशी एकेक पडताळून पाहिला. घसरण चार महिन्यांची नव्हती, आठ महिन्यांची होती. सुरुवातीला ती इतकी बारीक होती की हेडमास्तरांच्याही नजरेतून सुटली होती. घारोबांनी घसरण सुरू झाल्याची तारीख कळवली आणि लिहिलं, 'तेव्हापासूनचे माझे सगळे आकडे खोडावेत. दोष आरशाचा नाही. अकराही जणांचं बरोबर होतं.'

छापखान्यातही ते स्वतःच मालकांच्या खोलीत गेले. "आता रंग दुसऱ्या कोणाला जुळवू द्या. मी शिकवीन, पण शेवटचा शब्द माझा नको."

मालक गोंधळले. "अहो, कोणाची एक तक्रार नाही अजून."

"म्हणूनच आत्ता सांगतोय."

पुढचा सगळा आठवडा आभाळ स्वच्छ होतं आणि घारोबा अंगणात फिरकले नाहीत. जेवण झालं की बातम्या ऐकत बसायचे. दोरीवरचे कपडे बायकोच काढायची. आठव्या दिवशी हेडमास्तरांचा फोन आला. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच आवाज ऐकत होते दोघं एकमेकांचा. हेडमास्तर काही सांत्वन वगैरे करेनात. घसा खाकरून म्हणाले, "आठ महिन्यांचं खोडलं. आधीची बावीस वर्षं सोन्यासारखी आहेत. पण तुमच्या गावाचं आभाळ रिकामं पडलंय हो. कोणी आहे का बघणारं?"

"नाही," घारोबांनी सांगितलं.

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "नाही काय? मी काय आंधळी आहे?" आणि लगेच जीभ चावली.

घारोबा आधी चमकले, मग खो खो हसत सुटले. आठवड्यात पहिल्यांदाच. "अगं, तुला कंटाळा ना त्याचा! 'सगळे ठिपकेच' म्हणायचीस."

"मग? तीस वर्षं ठिपकेच मोजले मी. चला, दाखवा."

आणि ते दोघं अंगणात गेले. तारा शोधायला घारोबांना डोळे फारसे लागलेच नाहीत. हातांना सवय होती. बायको स्टुलावर बसली, दुसरा डोळा न मिटता, जराही न हलता तिने डोळा लावला. हे असं बसायला घारोबांना तीन वर्षं लागली होती.

"घाई करू नकोस. आधी खालचा बघ, मग आपला, मग परत..."

"गप्प बसा हो. मोजताना बोलत नाहीत."

पाच मिनिटांनी तिने आकडा सांगितला. आठ पूर्णांक तीन.

"तीन? इतका उजळलाय?" घारोबांना राहवेना. "परत बघ बरं."

तिने परत पाहिलं. "तीनच. तुम्ही म्हणालात म्हणून चार होणार नाही."

तो आकडा त्यांनी हेडमास्तरांना कळवला. अर्ध्या तासात उत्तर आलं. त्या दिवशी पाच जणांनी तारा पाहिला होता, त्यातल्या चौघांचा आकडा तीनच होता. सोबत एक छापील अर्ज होता, निरीक्षकाचं नाव विचारणारा.

"तुमचंच घाला की," बायको म्हणाली. "मला कुठे मिरवायचंय?"

"तू पाहिलंस, तर तुझंच नाव." घारोबांनी अर्ज डाव्या डोळ्याजवळ धरला आणि मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत तिचं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तिचं पाहून झाल्यावर ती स्टुलावरून उठली. "बसता का जरा?"

ते बसले. नेहमीसारखं सरळ पाहिलं, तर जिथे तारा असायला हवा तिथे एक करडा धब्बा. मग त्यांनी नजर थोडी बाजूला, काळ्या रिकाम्या आभाळाकडे वळवली आणि तारा डोळ्याच्या कडेला हळूच उमटला. बारीक, तांबूस, जागच्या जागी. पुन्हा सरळ पाहिलं की नाहीसा व्हायचा. घारोबा मग सरळ पाहायचेच थांबले.

"दिसतोय?" बायकोने विचारलं. तिच्या हातात वही होती. "किती लिहू?"

"लिहू नकोस," ते म्हणाले. "मी नुसताच बघतोय."

तिने वही मिटली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून ती तशीच उभी राहिली.