गार कपाळ

"घरात कुणाला कधी भुलीचा त्रास झाला होता?" भूलतज्ज्ञ बाईंनी विचारलं.

"छे, कुणालाच नाही," मुलगी झटकन म्हणाली. तिच्या लेकीचा हात मोडला होता. थोड्याच वेळात ऑपरेशन होतं.

"आणि तुझा भाऊ?" कोपऱ्यातून तिची इस्त्रीवाली म्हातारी आई बोलली.

"आई, आता ते नको गं! तो तापानं गेला."

ताप! या एका शब्दानं म्हातारीच्या जन्माची राख केली होती. मुलगा अपेंडिक्सच्या ऑपरेशनला आत गेला आणि जिवंत परत आलाच नाही. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला, ताप होता, तुम्ही लपवलात. झालं! नवरा, सासू, जावा, सगळ्यांनी तेच धरून ठेवलं. अंगात ताप असताना पोराला टेबलावर घातलं म्हणे! अरे, उभा जन्म इस्त्री फिरवण्यात गेलेली बाई ती. कापड करपायच्या आधी तिच्या हाताला कळायचं, अन् पोटच्या पोराचा ताप कळला नसता? पण तिचं ऐकतो कोण!

भूलतज्ज्ञ बाई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. "आजी, ताप भूल द्यायच्या आधी होता, की नंतर चढला?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

"आधी कुठला ताप! मी कपाळाला हात लावूनच आत सोडला. गार होता. बाहेर आणला तेव्हा अंग भाजत होतं, जबडा घट्ट आवळलेला."

बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. "काही घराण्यांच्या रक्तातच असतं हे. भुलीच्या ठरावीक औषधांनी अंग असं पेटतं. तसंच झालेलं दिसतंय. चूक तुमची नव्हती, आजी. नातीला ती औषधं द्यायचीच नाहीत. दुसरी देऊ, भुलीच्या यंत्रात त्या औषधांचा अंशही ठेवणार नाही, उतारा हाताशी ठेवू. याला वेळ लागेल, ऑपरेशन दुपारी करू."

"मग त्या मेल्या डॉक्टरनं कळलं नाही तर कळलं नाही म्हणायचं होतं!" म्हातारी म्हणाली. "माझ्या गळ्यात कशाला बांधलं? माझ्या?"

मुलीनं मान खाली घातली. भांडणात तीही आईला 'ताप लपवलास' असं ऐकवायची.

दुपारी ऑपरेशन होऊन नात बाहेर आली. कुरकुरत पाणी मागत होती. मुलीनं आईचा हात धरून लेकीच्या कपाळाशी नेला.

"बघ ना आई. ताप आहे?"

म्हातारीनं हात उलटा करून लावला.

"गार आहे," ती म्हणाली. "त्याचंही असंच होतं."

"हो आई," मुलगी म्हणाली. "गारच होतं."