पाचांपैकी दोन

"सुई," केल म्हणाला. "मासा." आणि थांबला.

क्लबच्या डॉक्टर पाइकबाई वाट बघत राहिल्या. थोड्या वेळापूर्वी त्यांनी त्याला पाच शब्द सांगितले होते. मग एका पायावर उभं केलं, आकडे उलटे म्हणायला लावले, आणि आता तेच पाच शब्द परत विचारत होत्या. मी मागच्या खुर्चीत बसले होते. मला पाचही येत होते, पण परीक्षा माझी नव्हती.

"एवढेच," केल हसत म्हणाला.

"हरकत नाही. फेब्रुवारीतही तुला दोनच आले होते. म्हणजे फरक काही दिसत नाही," बाई म्हणाल्या.

म्हणजे त्या त्याला खेळू देणार होत्या. शनिवारी मोसमातला शेवटचा सामना होता आणि केलचा करार संपत होता. कोचने तोंडावर सांगितलं होतं, शनिवारी खेळलास तर पुढच्या वर्षाचं बोलू, नाहीतर जागेसाठी तरणी पोरं टपून बसलीयत. केल एकतीस वर्षांचा. क्लबने त्याला विमेरातल्या एका शेतीच्या गावातून उचललं तेव्हा मिसरूड फुटत होतं, आणि तेव्हापासून त्याने फुटीशिवाय, म्हणजे आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलशिवाय, दुसरं काही केलेलं नाही. गोल मारून पोस्टरवर झळकणारे वेगळे. माझा नवरा मागच्या फळीतला. मागून येणाऱ्या उंच चेंडूवर डोळा लावून धावत सुटायचं, समोरून कोण अंगावर येतंय ते बघायचंच नाही, आणि मूठ मारून चेंडू उडवायचा. याला छाती लागते, असं माझे सासरे अभिमानाने सांगतात. लागत असेल. अक्कल असलेला माणूस तर हे करणारच नाही.

दोन आठवड्यांपूर्वी असाच धावताना समोरच्याचा गुडघा त्याच्या कानशिलात बसला. मी स्टँडमध्ये होते. तो पडला तसा हललाच नाही.

आता फेब्रुवारीचं सांगते. मोसमाआधी सगळ्यांची ही डोक्याची परीक्षा होते आणि सगळा संघ ती मुद्दाम वाईट देतो. पुढे डोक्याला मार बसला, तर तेव्हाचे गुण आणि आताचे गुण सारखेच दिसावेत म्हणून. परीक्षेत जाणूनबुजून नापास होणारी अशी जमात जगात दुसरी नसेल. संध्याकाळी पबमध्ये त्यावर खिदळणं चालतं. बायकांना सगळं ठाऊक असतं आणि बायका गप्प बसतात. यंदाही केलने बिअरचा ग्लास हातात धरून मला पाचही शब्द म्हणून दाखवले होते, वर उलटे सुद्धा.

आज मात्र त्याचं दोनावर अडणं नाटक नव्हतं. ते मला माहीत होतं, कारण मंगळवारी तो दूध आणायला म्हणून गेला तो आम्ही चार वर्षांपूर्वी सोडलेल्या भाड्याच्या घरी. तिथल्या बाईने मला फोन केला. मी पोचले तर हा पायरीवर बसलेला. मला म्हणाला, "कुलूप कधी बदललंस गं?"

आज येताना गाडीत त्याने एवढंच सांगितलं होतं, एकच शनिवार, ब्रॉन, तोंड उघडू नकोस. मी हो म्हटलं नव्हतं. नाही म्हणायचा धीर झाला नव्हता.

"आणि घरी?" पाइकबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला काही वेगळं जाणवलं?"

केलने मागे वळून पाहिलं नाही. त्याची मान तेवढी लाल झाली.

"फेब्रुवारीत त्याला पाचही येत होते," मी म्हटलं. मग मंगळवारचंही सांगून टाकलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. केल शांतपणे म्हणाला, "येत होते. आजही येतात. आजही मुद्दाम गाळले."

"मग उरलेले तीन सांग," बाई म्हणाल्या.

बाहेर मैदानावर सराव चालला होता, बुटाने चेंडू मारल्याचे आवाज येत होते. केलने छताकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. मग वळून माझ्याकडे पाहिलं. लोणी, घंटा, कुंपण: बाईंनी सांगितलेले ते तीन माझ्या ओठांवर होते. नुसते ओठ हलवले असते तरी त्याने उचलले असते, इतकी वर्षं एकत्र काढलीयत आम्ही. माझा जीव तुटत होता. मी खाली फरशीकडे बघत बसले.

"बरं," शेवटी तो म्हणाला आणि उठला. दाराशी थांबून बाईंना म्हणाला, "शनिवारी समोर येणाऱ्यांचा नऊ नंबर उडी घेताना गुडघा पुढे काढतो. माझ्या जागी जो खेळेल त्याला सांगून ठेवा."

गाडीपाशी आल्यावर तो माझ्या आधी डाव्या सीटवर जाऊन बसला. पट्टा लावला. मी त्याच्या शिव्या ऐकायला तयार होते, खरं तर त्याने दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"कोणते होते ते तीन?" त्याने विचारलं.

मी सांगितले. त्याने एकेक हळूच म्हणून पाहिला.

"कुंपण," तो म्हणाला. "हा त्यांनी सांगितलाच नव्हता, ब्रॉन."

"नव्हता सांगितला," मी म्हटलं, आणि गाडी सुरू केली.