काचेमागचा मफलर

"हात नका लावू हं, सिस्टर. काचेवर बोटं उमटतात," सूनबाई म्हणाल्या.

सिस्टरने हात मागे घेतला. तिने काचेला हात लावला नव्हता, नुसता उचलला होता. पण या घरात तीन वर्षं काढल्यामुळे न केलेल्या गोष्टीची माफी मागायची तिला सवय होती. "नाही हो, ताई," ती म्हणाली आणि तो हात पर्सच्या पट्ट्यावर ठेवून दिला.

बैठकीच्या खोलीत पूर्वी जिथे टीव्ही होता, तिथे आता सासूबाई होत्या. म्हणजे सासूबाईंच्या आठवणी. भिंतीत पाच खण केले होते, प्रत्येक खणाला काच आणि वरून सोडलेला पिवळा दिवा. डेकोरेटर महिनाभर त्यासाठी खपला होता. गेलेल्या माणसाला पिवळा उजेड शोभतो, पांढऱ्यात उगाच दवाखान्यासारखं वाटतं, असं त्याचं मत होतं आणि ते त्याने बिलासोबत दिलं होतं.

पहिल्या खणात सासूबाईंचा फोटो; सिस्टर त्यांना आजी म्हणायची. दुसऱ्यात निळ्या काठाचा, टवका उडालेला एनॅमलचा मग. तिसऱ्यात दोन दात पडलेला लाकडी कंगवा. चौथ्यात सुईदोऱ्याची पत्र्याची डबी. आणि पाचव्या, सगळ्यात मोठ्या खणात घडी घातलेला हिरव्या लोकरीचा मफलर. त्याच्यावर विणायच्या दोन सुया फुलीसारख्या ठेवलेल्या.

फोटो सोडला तर भिंतीतली प्रत्येक वस्तू सिस्टरची होती.

ती खरी सिस्टर नव्हती. वीस वर्षं एका दवाखान्यात वॉर्डमध्ये आया होती, नंतर आया पुरवणाऱ्या एका ब्युरोतर्फे घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं करू लागली. पण 'आया' म्हणायला लोकांना अवघड वाटतं आणि नाव विचारायला वेळ नसतो. मग सगळीकडे सिस्टर.

वॉर्डमध्ये एक नियम होता. पेशंटच्या प्रत्येक वस्तूवर पांढरी चिकटपट्टी लावायची आणि तिच्यावर खाटेचा नंबर घालायचा, म्हणजे एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात जात नाही. ही सवय सिस्टरने इथेही पाळली. इथे खाट एकच, त्यामुळे नंबर नाही, नुसती पट्टी. आजींच्या चष्म्याच्या दांडीला पट्टी, कपाला पट्टी, घंटीला पट्टी, चपलांनाही पट्टी. आपल्या वस्तू तेवढ्या कोऱ्या, कपाटाच्या खालच्या खणात.

आजी एका सकाळी गेल्या. दुपारी ब्युरोचा फोन आला की संध्याकाळपासून दुसऱ्या घरी ड्युटी. आजींच्या खोलीत तोवर इतकी माणसं जमली होती की सिस्टरला आत शिरायला जागा नव्हती. तीन वर्षांत पहिल्यांदाच. ती पर्स घेऊन निघून गेली. पुढच्या तीन महिन्यांत सामानासाठी तिने तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा सूनबाई म्हणाल्या, "अहो, काळजी कसली करता? सगळं जपून ठेवलंय." त्यात अक्षरही खोटं नव्हतं. आज भिंत बघायला येणाऱ्या पाहुण्यांबरोबर तिलाही बोलावलं होतं.

झालं होतं ते असं की सूनबाईंनी खोली आवरायला घेतली, तेव्हा चिकटपट्ट्या लावलेलं सगळं सामान त्यांना आजारपणाचं, दवाखान्यातून आलेलं वाटलं. ते त्यांनी टाकायला काढलं. उरलं ते स्वच्छ, साधं, बिनपट्टीचं सामान, अर्थातच आईंचं. तर्कात कुठेही खोट नव्हती. तीन वर्षांत अधूनमधून कोणी त्या खोलीत येऊन बसलं असतं, तर तर्काची गरज पडली नसती, एवढंच.

एनॅमलच्या मगाचं, कंगव्याचं सिस्टरला काही वाटलं नाही. तिचं लक्ष मफलरवर होतं. तो तिच्या मुलीने विणायला घेतला होता. एकोणीस वर्षांची होती, दवाखान्यातल्या खाटेवर वेळ जात नाही म्हणून कुरकुर करायची. अर्ध्याच्या जरा पुढे गेला आणि राहिला. सिस्टरला विणता येत होतं, पण अकरा वर्षांत तिने त्यात एक टाका घातला नव्हता. सुया जशा होत्या तशा अडकवून ठेवल्या होत्या. ज्या घरी ड्युटी, त्या घरी तो मफलर.

आता त्या सुया बाहेर होत्या. सुया काढल्या म्हणजे टाके मोकळे. कुणी एक धागा ओढला तरी सगळी ओळ उसवेल.

पाहुणे आले. सातआठ जण होते, सगळे चांगल्या कपड्यांतले, शोक करून झालेले. त्यांनी भिंत पाहिली आणि आवाज हळू केले.

"बघा ना, किती साधं राहणं!" एक बाई मगापाशी थांबून म्हणाल्या. "एवढं घरदार, आणि चहा यातून!"

"कंगवासुद्धा बदलला नाही हो," दुसऱ्या म्हणाल्या. "आपल्याला जमेल का असं?"

"छे! आपल्याला नाही जमायचं," पहिल्या म्हणाल्या, आणि आपल्याला जमणार नाही या विचाराने दोघींना बरं वाटलं.

साहेब मफलरपाशी उभे राहिले. साहेब म्हणजे आजींचा मुलगा. आजी असताना ते रोज दोनदा खोलीच्या दारात येऊन "काय, कशी आहे तब्येत?" असं विचारत. विचारत सिस्टरला.

"हा आईने माझ्यासाठी विणला," ते म्हणाले. "मला थंडी सोसत नाही, तिला माहीत होतं. शेवटी शेवटी विणला."

"म्हणजे शेवटपर्यंत हात चालू होते म्हणायचे!"

"शेवटपर्यंत," साहेब म्हणाले आणि त्यांचा आवाज खरोखरच भरून आला.

हात चालू होते हे खरंच होतं. ते थांबतच नव्हते. शेवटची चार वर्षं आजींचे दोन्ही हात इतके कापत की चमचा तोंडापर्यंत पोचेस्तोवर रिकामा व्हायचा. दोन सुया आजींच्या हाती दिल्या असत्या तर डोळा गेला असता, त्यांचा नाही तर सिस्टरचा.

"या आमच्या सिस्टर," साहेबांनी ओळख करून दिली. "आईचं सगळं यांनीच केलं. सांगा ना सिस्टर, आई कशी विणत बसायची?"

सगळे तिच्याकडे वळले. ती भिंतीतला सहावा खण असावी तसे बघू लागले.

"आजींना लोकर आवडायची," सिस्टर म्हणाली. "थंडी असली की हातात धरून बसायच्या. हात जरा शांत व्हायचे."

हे खरं होतं. तिनेच तो मफलर त्यांच्या हातांभोवती गुंडाळून ठेवला होता, पुष्कळ दुपारी. एका पाहुण्यांनी चष्मा काढून पुसला. सूनबाई शेजारी उभ्या डेकोरेटरला हळूच म्हणाल्या, "ही ओळ खणाखाली लिहायला हवी होती हो."

चहा देताना सिस्टरने सूनबाईंना स्वयंपाकघरात गाठलं.

"ताई, एक बोलायचं होतं. तो मफलर माझा आहे. म्हणजे माझ्या मुलीचा. बाकीचं राहू दे तुम्हाला, तेवढा द्या."

सूनबाईंनी ट्रे खाली ठेवला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. "सिस्टर, मला कळतं. तुमचा जीव होता आईंवर. काहीतरी आठवण हवीशी वाटणारच."

"तसं नाही, ताई. तो आजींचा नाहीच. त्यांना चमचा धरता येत नव्हता, सुया कशा धरतील?"

खांद्यावरचा हात निघाला.

"म्हणजे आम्हाला आमच्या आईंच्या वस्तू ओळखता येत नाहीत, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

याचं उत्तर सिस्टरला ठाऊक होतं आणि सूनबाईंनाही. मग सूनबाईंनी साहेबांना आत बोलावलं.

"अहो, या म्हणतात मफलर त्यांचा आहे."

साहेबांचे डोळे अजून ओले होते. ते दुखावल्यासारखे बघत राहिले. "सिस्टर, तुम्हाला पैसे कमी पडले का काही?"

"पैशाचं नाही, साहेब."

"मग? पाहुणे बसलेत बाहेर. तुमचाच कशावरून? हिरवी लोकर काय जगात एकच असते?"

"खूण आहे. तो अर्धा आहे. शेवटच्या ओळीत एक टाका सुटलाय, डावीकडून पाचवा. तिला तेव्हा आत नेलं, ऑपरेशनला. घाईत सुटला. तिथेच थांबलाय तो."

सूनबाईंच्या चेहऱ्यावर एकदम मोकळं हसू आलं, केस जिंकलेल्या वकिलासारखं. "एवढंच ना? आणते. बघा तुम्हीच." बाहेर खणाची काच सरकल्याचा आवाज आला आणि "जरा दिवा नीट करायचाय, बसा बसा," असंही ऐकू आलं. त्या परत आल्या आणि मफलर सिस्टरच्या हातात दिला.

घडी उलगडली. मफलर लांब झाला, आणखी लांब झाला. तो पूर्ण होता. दुसऱ्या टोकाला तर गोंडेही होते.

"अर्धवट होता तो खरा," सूनबाई म्हणाल्या. "पण अर्धवट कसा ठेवणार काचेत? बरं नाही दिसत. ओळखीच्या एक बाई विणतात, त्यांच्याकडून पूर्ण करून घेतला. लोकरीचा रंग जुळेना, चार दुकानं हिंडले. मग सगळाच धुऊन घेतला, म्हणजे जुनं-नवं वेगळं दिसायला नको. छान जमलाय ना? सुटलेला टाकाबिका काही नाही त्यात. शोधा तुम्ही."

सिस्टरने शोधलं. ओट्यावर मफलर पसरला आणि एका टोकापासून बोटाने ओळी चाचपत गेली. मुलगी धागा ओढून, घट्ट विणायची. मधेच कुठेतरी वीण सैल होईल, तिथे तिचा हात संपला असेल. सिस्टर गोंड्यांपर्यंत गेली आणि परत उलटी आली. विणणारी बाई तिच्या कामात पक्की होती. ओळीमागून ओळ सारखीच येत होती. लोकरीला साबणाचा वास होता, फुलांचा. पूर्वी तिला कसला वास होता, हे सिस्टरला आठवेना, आणि आठवेना म्हणून ती पुन्हा पहिल्या टोकापासून चाचपू लागली.

"पाहुणे बसलेत, सिस्टर," साहेब म्हणाले.

तिने मफलरची घडी घातली. आधी होती तशीच, कडेला कड लावून.

"नाही, साहेब," ती म्हणाली. "हा माझा नाही. ठेवा."

"होतं असं कधी कधी," सूनबाई उदारपणे म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसांत राहून राहून आपलंही होतं." घडी घेताना त्यांनी लोकरीवरून हात फिरवला, सिस्टरची बोटं पुसावीत तसा. मग त्यांचं मन भरून आलं. "आणि असं रिकाम्या हाती नका जाऊ. आईंच्या खोलीतलं बरंच सामान आहे, टाकायचंच राहिलंय. त्यातलं काय लागेल ते घेऊन जा. सगळंच न्या!"

मागच्या गॅलरीत, मोडक्या खुर्चीवर, एक काळी प्लास्टिकची पिशवी होती. सिस्टरने तोंड उघडून पाहिलं. आत चष्मा होता, नळीचा कप होता, घंटी, चपला. सगळ्यांवर पांढऱ्या पट्ट्या. तळाशी एक शंभर पानी वही होती. हाताला व्यायाम म्हणून डॉक्टरांनी आजींना रोज एक पान लिहायला सांगितलं होतं. काय लिहायचं हे सांगितलं नव्हतं. ते आजींनी स्वतः ठरवलं होतं.

सिस्टर वही घेऊन साहेबांकडे गेली. ते पुन्हा बैठकीत निघाले होते, चेहरा नीट करत.

"साहेब, एवढी तरी ठेवा. आजींचं अक्षर आहे."

त्यांनी वही उघडली. पानभर एकच शब्द होता. तो ओळीवरून घसरत, फुटत, पुन्हा पुन्हा लिहिलेला होता. पुढच्या पानावर तोच, त्याच्या पुढेही तोच. त्यांनी वही जरा लांब धरली, मग तिरकी धरली.

"काय गिचमिड आहे ही? काय लिहिलंय?"

"तुमचं घरातलं नाव, साहेब. आजी हाक मारायच्या ते."

साहेबांनी आणखी एक पान उलटलं. क्षणभर ते तिथे थांबलेसे वाटले. मग वही मिटली.

"छे. आईचं अक्षर मोत्यासारखं होतं," ते म्हणाले. "हे कुणा लहान मुलाचं असेल." आणि वही तिच्या हातात देऊन ते आत गेले. आत कोणीतरी नवीन आलं होतं. त्यांच्यासाठी मफलरची गोष्ट पहिल्यापासून सांगायची होती.

खाली फाटकापाशी रखवालदाराने तिला थांबवलं.

"मावशी, पिशवीत काय आहे? वरून सामान खाली आलं की विचारावं लागतं मला."

"आजींचं सामान आहे."

"कोणत्या आजी? त्या गेल्या ना मागे?"

"त्यांचंच."

"मग विचारतो हं. राग नका मानू, नियम आहे." त्याने भिंतीवरच्या फोनचं बटण दाबलं. वरून सूनबाईंचा आवाज आला, मागे बरीच माणसं बोलत होती.

"कोण? हो हो, टाकायचंच आहे ते. जाऊ दे तिला."

रखवालदाराने फोन ठेवला. "टाकायचं आहे म्हणतात. मग एवढं लांब कशाला ओझं नेता? तो बघा, कोपऱ्यात डबा आहे."

"पाहिलाय," सिस्टर म्हणाली.

पिशवी पातळ होती आणि घंटीच्या टोकाने तिला एका बाजूला भोक पडलं होतं. कानांना धरून उचलली तर फाटली असती. तिने पर्स गळ्यात अडकवली, गुडघे जरा वाकवले, एक हात खालून घातला, दुसरा पाठीमागून. पेशंटला पलंगावरून खुर्चीत घेताना धरतात, तशी तिने पिशवी अंगाशी धरली. तोल सांभाळत ती डब्यावरून पुढे गेली. फाटकाबाहेर रस्ता खडबडीत होता, म्हणून पावलं बेताने टाकत, आतल्याला हिसका बसू न देता.