रूपाची दुसरी चांदणी

"तेल तळाला जायची वाट बघू नको. अर्धं असतानाच घाल. आन् वात बदलायची असली, तर आधी नवी पेटव, मग जुनीला हात लाव."

मित्रांनो, हा आवाज दगडाबाईंचा. त्यांची सून पहिल्यांदा वैजापूरहून शहरात राहायला निघाली, तेव्हा त्यांनी मला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून तिच्या हातात दिलं आणि एवढंच सांगितलं. संसाराचं बाकी काही सांगितलं नाही. सुनेनं मान हलवली. तिचं नाव तनुजा.

मी एक जुना पितळी नंदादीप आहे. उंचीनं वीतभर. वैजापूरच्या एका ओताऱ्यानं मोडीत आलेल्या हंड्यातांब्यांचं पितळ वितळवून मला घडवलं. भट्टीतून बाहेर आलो तेव्हा वाटलं, एवढं भाजून निघालो, आता आयुष्यात आणखी काय भाजणार! तेव्हा मी नवा होतो, मला काय माहीत.

माझ्या बुडाला एक पोचा आहे. त्यामुळं मी जरा डावीकडं कलतो. तो पोचा कधी पडला हे कुणालाच आठवत नाही, पण माझ्या गोष्टीत त्याला काम आहे, म्हणून सांगून ठेवतो.

दगडाबाईंकडं मी पुष्कळ वर्षं तेवलो. रोज संध्याकाळी थोडा वेळ, आणि नवरात्रात नऊ दिवस अखंड. त्या घराची रीत कडक. घट बसले, की नऊ दिवस घराला कुलूप लावायचं नाही. दिवा एकटा सोडायचा नाही. आणि त्यात तेल घालायचं ते घरच्याच माणसानं. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "दगडाबाईचा दिवा कधी डोळा मिटत नाय." ते ऐकून मी आणखी ताठ तेवायचो. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता.

तनुजाचं घर वाळूजच्या कामगार वसाहतीत, दोन खोल्यांचं. नवरा सुदर्शन कारखान्यात, पाळीच्या बसनं जाणारा. देव्हारा बाहेरच्याच खोलीत होता, त्यामुळं घरातलं सगळं बोलणं माझ्या कानावर यायचं. तनुजा मला सासूइतकंच जपायची. पहाटे अंघोळ, मग देवीच्या टाकाला फूल, मग मला तेल, आणि त्यानंतरच चहाचं आधण. त्या घरात चार वर्षांची रूपा होती. तनुजा सुईच्या टोकानं माझी काजळी काढायची, तेव्हा रूपा शेजारी उकिडवी बसायची.

"आई, दिव्याला पण टोचतात?"

"टोचत नाही गं. काजळी काढतेय."

"तो रडत नाय. लई शहाणा हाय."

रूपाची छाती लहानपणापासून नाजूक. थंडी पडली, की तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा. त्या वर्षी गणपतीच्या आधी शहरातल्या मुलांच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, हिला फ्लूची लस द्या. पहिल्यांदाच देतोय, म्हणून दोन डोस लागतील. दोन्हींत चार आठवड्यांचं अंतर.

घरात त्यावर आठ दिवस बोलणं चाललं. दगडाबाई तेव्हा आलेल्या होत्या.

"सर्दी-पडशाला कुणी सुई घेतं व्हय? ओव्याची पुरचुंडी शेकली, की झालं. आमच्या सात पोरांना कोणती सुई दिली होती?"

शेजारची प्रेरणा दारात उभी होती. ती पालिकेच्या दवाखान्यात नर्स. तिच्या घरात माझ्यासारखा दिवा नाही; बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती असते. दोन्ही घरांची दारं उघडी असली, की तो उजेड मला समोर दिसायचा. मला तो माझ्यासारखाच वाटायचा.

"आजी, सात झाली होती, पण मोठी किती झाली?" प्रेरणानं हळूच विचारलं.

दगडाबाईंनी बोटांवर मोजलं. सातांतली पाचच मोठी झाली होती.

"मग घ्या टोचून," त्या म्हणाल्या. "आमच्या सुनेनं तशीबी डॉक्टरची पायरी झिजवलीच हाय."

पहिला डोस झाला. डॉक्टरबाईंनी रूपाच्या कार्डावर सोनेरी चांदणी चिकटवायला दिली. घरी आल्यावर रूपानं ते कार्ड देवीला दाखवलं, मग मला. चांदणीशेजारी तिनं पेन्सिलनं एक वाकडा गोल काढला.

"ही दुसरीची जागा. आई, दुसरी कधी?"

"चार आठवड्यांनी नेते."

"नक्की?"

"नक्की."

चांदणीमागचा गुळगुळीत कागद रूपाच्या हातातच राहिला होता. तिनं त्याची घडी केली आणि माझ्या पोच्याखाली सरकवली. "आता नाय पडणार तू," ती मला म्हणाली. मी आयुष्यात पहिल्यांदा सरळ उभा राहिलो.

आणि चार आठवडे संपले, त्याच दिवशी घट बसले.

दगडाबाई थोरल्या लेकाकडच्या घटासाठी वैजापूरला परतल्या होत्या. सुदर्शनला सणाआधीची जादा पाळी. दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. जायचं-यायचं म्हणजे अर्धा दिवस. घरी दिव्यापाशी कोण बसणार? सुदर्शन म्हणाला, "मी रजा टाकू का?" तनुजा म्हणाली, "नको, आत्ताच कुठं जादा काम मिळालंय. दसऱ्यानंतर नेऊ."

प्रेरणा स्वतःहून आली होती. "तनुजाताई, मी बसते दिव्याजवळ. आज सुट्टीच आहे मला. तेवढी पोरीला नेऊन आणा."

तनुजानं खाली बघितलं. अगदी हळू म्हणाली, "तसं नाही हो ताई... घट घरच्यानंच सांभाळायचा असतो आमच्यात."

प्रेरणा "बरं," म्हणाली आणि गेली. तिनं दारही आवाज न करता ओढून घेतलं.

मित्रांनो, मी तिथंच होतो. देवीच्या अगदी समोर. देवीनं तसं काही सांगितलं असतं, तर मला आधी ऐकू आलं असतं. पण मला बोलता येत नाही. मी फक्त तेवत राहिलो, नऊ दिवस, एकदाही न चुकता. लोकांनी माझं कौतुकही केलं.

दसरा झाला. मग दिवाळीची साफसफाई. मग रूपाला पडसं झालं, तर तनुजाला वाटलं, पडशात कसं न्यावं. प्रेरणानं एकदा सांगितलं, साध्या पडशानं अडत नाही. पण त्या नकारानंतर ती फार आग्रह करत नसे. रूपा रोज कार्ड काढून बघायची. पुढं पुढं तीही विचारायची थांबली.

संक्रांतीच्या आधी तिला ताप भरला. दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजू लागली. तिसऱ्या दिवशी सुदर्शन पाळी अर्धी टाकून आला आणि तिला चादरीत उचलून घेऊन गेला. तिचा हात चादरीबाहेर लोंबत होता. एवढंच मी पाहिलं. त्यानंतर मला कुणी लावलं नाही.

सहाव्या दिवशी दार उघडलं. पुष्कळ माणसं आत आली. दाराशी चपलांचा ढीग पडला. रूपाच्या लाल चपला त्याखाली गेल्या; रूपा आली नाही.

पुढचं वर्ष त्या घरात सण नव्हता. तनुजानं मला कापडात बांधून माळ्यावर ठेवलं. तिथं एक फुटकी बादली आणि मी. तेल वाळून चिकट झालं, अंगावर हिरवा कीट चढला. खालून आवाज यायचे. कुणी म्हणे, लसच बाधली पोरीला. कुणी म्हणे, नशीब. तनुजाचा आवाज मात्र येत नसे. ती उपासतापास पूर्वीसारखेच करायची, हे मला ताटांच्या आवाजावरून कळायचं; तिच्या उपासाच्या वारी एक ताट कमी वाजे.

त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या तोंडाला घरात बाळाचं रडणं ऐकू आलं. इंद्रजीत झाला. तो सहा महिन्यांचा झाला, तेव्हा डॉक्टरबाईंनी पुन्हा तेच सांगितलं. फ्लूची लस. दोन डोस.

या वेळी दगडाबाईंचा आवाज खालून माळ्यापर्यंत चढला. "एकीला टोचून काय झालं? राहिली का पोरगी? आता याला नाय हात लावू द्यायची मी! तुला कळत कसं नाय गं?"

चार दिवस तनुजाचं बाळाला थोपटणं तेवढं ऐकू येई. पाचव्या दिवशी तिनं प्रेरणाला हाक मारली. किती दिवसांनी मारली होती!

"ताई, मी जाऊन आले डॉक्टरबाईंकडं. एकटीच. त्यांना विचारलं, माझ्यामुळं गेली का हो ती?"

"मग?"

"म्हणाल्या, दुसरा डोस झाला असता तर वाचलीच असती, असं मी सांगणार नाही. लस म्हणजे हमी नाही. पण लहान लेकराला एकच डोस म्हणजे अर्धंच काम. दोन झाले असते तर आजार एवढा वाढायची शक्यता कमी होती." तनुजानं नाक ओढलं. "लसीनं गेली नाही, हे मात्र तीनदा सांगितलं त्यांनी. एखादा दिवस ताप येतो, हात दुखतो, तेवढंच."

प्रेरणानं तिचा हात धरला असावा.

"मी दिव्याला कधी तेल संपू दिलं नाही हो, ताई," तनुजा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं मला माळ्यावरून उतरवलं. चिंचेच्या कोळानं घासलं. घासता घासता तिची बोटं माझ्या बुडाशी अडली. तेलानं चिकटलेली कागदाची घडी तिथं तशीच होती. तिनं ती नखानं सोडवली, उलगडली. कागदावर मधोमध चांदणीच्या आकाराची रिकामी जागा होती.

ती रडली नाही. तिनं ती घडी पुन्हा तशीच घातली, मला देव्हाऱ्यात ठेवलं आणि खालच्या कप्प्यातून रूपाचं कार्ड काढून माझ्याशेजारी मांडलं. एक चांदणी, एक वाकडा गोल. मग ओंजळीत पाणी घेतलं. आजवर तिनं कितीतरी व्रतांचे संकल्प माझ्यापुढं सोडले होते, सगळे मंत्र मला पाठ आहेत. त्या दिवशी मंत्र नव्हता.

"रूपा, तुला दिलेला शब्द माझ्याकडून राहिला," ती म्हणाली. "याच्या बाबतीत नाही राहू देणार. दिवस कोणताही असो."

पाणी ताम्हणात पडलं. त्याच आठवड्यात इंद्रजीतचा पहिला डोस झाला. रात्री त्याचं अंग जरा कोमट झालं, सकाळी तो हसत उठला.

आणि पंचांगालाही काय म्हणावं? त्याच्या दुसऱ्या डोसची तारीख नवरात्रातच आली. आज तिसरी माळ आहे.

काल दगडाबाईंचा वैजापूरहून फोन आला होता. तनुजानं तो स्पीकरवर लावून घटाच्या परडीत पाणी शिंपडलं.

"उद्या नेणार हाईस म्हणं त्याला. आगं, दोन वर्षांनी घट बसलेत. घराला कुलूप लावू नको गं बाई."

"कुलूप नाही लावणार, आत्याबाई."

"मग दिव्यापाशी कोण? सुदर्शन तर कामावर."

"प्रेरणाताई."

तनुजा दोन वेळा "हॅलो" म्हणाली.

"तिला सांग," दगडाबाई अखेरीस म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम म्हातारा वाटला, "तेल तळाला जायची वाट बघू नको म्हणावं. अर्धं असतानाच घाल."

मित्रांनो, मी पितळेचा. माझ्या पदरी शहाणपण ते किती! पण एवढी वर्षं देवापुढं उभं राहून एक कळलं, ते तुम्हाला सांगतो. माणसं दिव्याला जपतात, घटाला जपतात, रीतीला जपतात. ते जपणं खरंच असतं, त्यात खोट नसते. पण घरात एखादं लेकरू नाजूक असेल, तर त्याच्यासाठी ठरलेला दिवस पुढं ढकलू नका. आणि लेकरांनो, तुम्ही तुमच्या आईला आठवण करून द्या. विचारायचं थांबू नका. दिव्याला थोडा वेळ कुणीही सांभाळतं; आणि समजा कुणी नसलंच, तर आमच्यासारख्यांना पुन्हा पेटवता येतं.

सकाळचे नऊ वाजलेत. प्रेरणा अंघोळ करून, ओल्या केसांची आली आहे. चपला बाहेर काढून ती माझ्यासमोर पाटावर बसली. तनुजानं तिच्या हातात तेलाची बुधली दिली. पण स्वतःचा हात लगेच सोडवला नाही.

"त्या वर्षी मी तुम्हाला..."

"जा तुम्ही," प्रेरणा म्हणाली. "उशीर होईल. मी आहे इथं."

तनुजानं वाकून देवीला नमस्कार केला. इंद्रजीतचं कार्ड पिशवीत टाकलं. मग माझ्याशेजारचं रूपाचं कार्ड उचललं, पदरानं पुसलं आणि तेही त्याच पिशवीत ठेवलं. बाळाच्या डोक्यावर टोपरं बांधलं, त्याला छातीशी घेतलं.

दार उघडलं तसा वारा आत आला. माझी ज्योत वाकली. प्रेरणानं दोन्ही तळवे आडवे धरले आणि ती पुन्हा सरळ झाली. मी अर्धा भरलेला होतो. तिनं बुधली तिरपी केली.

बाहेर तनुजानं पायात चपला सरकवल्या, दार नुसतंच लोटलं, आणि रिक्षा थांबते त्या कोपऱ्याकडं चालू लागली.